लिलावातील घर, आत नांदणारा भाडेकरू आणि शरीअत

किराणा, कापड किंवा धान्याच्या व्यापारातून चार पैसे मागे टाकलेल्या हरसूलमधील कुटुंबाला, मुलांच्या शिक्षणासाठी नाशिक शहरात एखादे घर असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. शहरातील चालू भाव आवाक्याबाहेर गेलेले. अशा वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बँकेची ‘विक्री सूचना’ दिसते. खाली गाळे, वर दोन खोल्या, राखीव किंमत बाजारभावाहून बरीच कमी, आणि सूचनेच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ : मालमत्ता भाडेकरूंच्या ताब्यात आहे. ते कात्रण घेऊन लोक इशाच्या नमाजनंतर मशिदीत विचारायला येतात. मौलाना, हे घेणे जायज आहे का?

‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर येथे देता येत नाही, कारण एका प्रश्नाच्या पोटात येथे तीन प्रश्न आहेत. हे घर विकण्याचा अधिकार बँकेला कोठून आला? आत राहणाऱ्याचा हक्क विक्रीनंतर उरतो की संपतो? आणि घेणारा पैसा कोठून आणणार आहे? बहुतेकांना पहिल्या प्रश्नाची चिंता असते. माझ्या मते खरी परीक्षा दुसऱ्यात आहे.

गहाणाला फिकहमध्ये ‘रहन’ म्हणतात. सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा विस्तृत आदेश आहे आणि त्याच्या पुढच्याच आयतीत (२:२८३) प्रवासात लेखक न मिळाल्यास तारण ताब्यात देण्याची तरतूद आहे. आदरणीय प्रेषितांच्या (स.) निधनसमयी त्यांचे चिलखत मदीनेतील एका यहुदी व्यापाऱ्याकडे तीस साअ जवांच्या मोबदल्यात गहाण होते, हे सहीह बुखारीत नोंदलेले आहे. म्हणजे तारण ठेवणे ही लाज वाटावी अशी गोष्ट नव्हे. मात्र तारणाची मालकी कर्जदाराचीच राहते. मुदत टळली म्हणून ती वस्तू आपोआप धनकोची होत नाही. तशी प्रथा अज्ञानकाळात होती आणि हदीसने ती बंद केली. धनकोला हक्क आहे तो वस्तू विकून आपले देणे वसूल करण्याचा, आणि विक्रीतून जे जास्त येईल ते मूळ मालकाला परत करण्याचा.

आपल्या देशातील २००२ चा सरफेसी कायदा या बाबतीत फारसा वेगळा नाही. कर्ज थकले की बँक साठ दिवसांची मागणी नोटीस देते, त्यानंतर ताबा घेते, आणि मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून किंमत ठरवून लिलाव पुकारते. पहिल्या विक्रीसाठी तीस दिवसांची जाहीर सूचना दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते. त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील असावे लागते. ते कात्रण मराठीत आपल्या हाती पडते ते यामुळे. खर्च आणि देणे वळते करून उरलेली रक्कम ज्याची त्याला परत देण्याचे बंधनही कलम १३ मध्ये आहे.

मालक राजी नसताना त्याचे घर विकता येते का? या मुद्द्यावर आपल्या मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या ‘हिदाया’ग्रंथात मोठा मनोज्ञ मतभेद नोंदलेला आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते सज्ञान व स्वतंत्र माणसाची मालमत्ता काझीने परस्पर विकू नये. तो टाळाटाळ करीत असेल तर त्याला अटकेत ठेवावे, म्हणजे तो स्वतःच विकेल. त्यांचे दोन्ही शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.), म्हणतात की विकण्यास नकार देणाऱ्याच्या वतीने काझी विकू शकतो, मात्र आधी रोकड, मग जंगम वस्तू आणि अगदी शेवटी घर-जमीन. फतवा शिष्यांच्या मतावर आहे. कोकणातील आपले शाफई बांधव ज्या मजहबचे अनुसरण करतात त्यातही असा सक्तीचा विक्रय मान्य आहे. शिवाय गहाणखत करतानाच कर्जदाराने तारण विकण्याचा अधिकार दिलेला असतो, आणि हनफी फिकहनुसार गहाणाच्या करारात दिलेला असा अधिकार मालकाला नंतर एकतर्फी काढून घेता येत नाही. त्यामुळे विक्रीच्या अधिकारात मूलतः बाधा दिसत नाही.

बाधा येते ती व्याजामुळे. घेणारा त्या व्याजाच्या करारात पक्षकार नव्हता, हे खरे. पण देणे म्हणून जे मागितले जात आहे त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, हे पाहण्याची जबाबदारी त्याला टाळता येणार नाही. मागणी नोटिशीत थकबाकीचा तपशील असतो आणि प्राधिकृत अधिकाऱ्याकडे तो विचारता येतो. मुद्दल मोठ्या प्रमाणात बाकी असेल तर धनकोचा हक्क शरीअतच्या दृष्टीनेही उभा आहे आणि घर घेण्यास हरकत दिसत नाही. मुद्दल कधीच फिटून केवळ व्याज आणि दंडव्याजापोटी घर जात असेल, तर त्या घराकडे पाठ फिरवावी असे माझे मत आहे. कायद्याने ते घर मिळेल. पण ज्या रकमेसाठी ते विकले गेले ती रकमच शरीअतच्या दृष्टीने देणे नव्हती.

कर्जदार सचोटीने अडचणीत आला असेल तर त्याला सवड द्यावी, आणि देणे सोडून देता आले तर ते अधिक चांगले, असा सूरह बकराचा (२:२८०) उपदेश आहे. तो धनकोला उद्देशून आहे, खरेदीदाराला नव्हे. तरी खरेदीदारालाही एक गोष्ट लागू होते. अबू दाऊदच्या संग्रहात अगतिक माणसाशी केलेल्या विक्रीचा निषेध करणारी एक हदीस आहे. तिची साखळी कमजोर मानली जाते. इमाम खत्ताबी (रह.) यांनी तिचा अर्थ उलगडताना दोन प्रकार केले. जुलूमजबरदस्तीने करवून घेतलेली विक्री टिकत नाही. कर्जाच्या ओझ्याने विकणाऱ्याची विक्री टिकते, पण त्याला कवडीमोलाने नागवण्यापेक्षा उसने देऊन सावरणे अधिक योग्य. नातलग, शेजारी किंवा जमातीतील कोणाचे घर लिलावात आले असेल तर बोलीचा विचार मनात येण्याआधी हा विचार यायला हवा. अनेकदा कर्जदाराला लिलाव सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी थोड्या रकमेचा हातभार मिळाला असता तर घर वाचले असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर देणे भरून तारण सोडवण्याचा त्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात हे स्पष्टपणे सांगितले आहे. मदत करायची तर ती त्या तारखेच्या आत.

आता भाडेकरू.

हनफी फिकहचा नियम असा की भाड्याने दिलेली वस्तू मालकाने विकली तर व्यवहार होतो, पण तो भाडेकरूच्या हक्कावर अवलंबून राहतो. भाडेकरूची मुदत संपेपर्यंत खरेदीदाराने थांबावे किंवा व्यवहार रद्द करून मागावा. मुदतीच्या आत भाडेकरूला उचलून बाहेर ठेवणे हा मार्ग त्याच्यापुढे नाही. शाफई, मालिकी आणि हंबली मतानुसारही विक्रीमुळे भाडेकरार मोडत नाही. नवा मालक तो करार डोक्यावर घेऊनच घर घेतो.

याला ‘हिदाया’मध्ये एक अपवाद आहे आणि आपल्या विषयाशी तो अगदी जुळतो, म्हणून तो लपवणे बरोबर होणार नाही. एखाद्याने दुकान किंवा घर भाड्याने दिले आणि नंतर तो कर्जात बुडाला, ते घर विकल्याशिवाय देणे फिटणे शक्य नसेल, तर काझी भाडेकरार मोडून घर विकू शकतो. हे वाचून कोणी म्हणेल, मग आमचा मार्ग मोकळा झाला. तसे नाही. ही सवलत धनकोचे देणे फिटावे म्हणून आहे, खरेदीदाराचा नफा वाढावा म्हणून नाही. भाडेकरू आत असतानाही घर विकले जात असेल आणि देणे फिटत असेल, तर करार मोडण्याचे कारणच उरत नाही. आणि हा अधिकार काझीचा आहे. कुलूप आणि चार माणसे घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या नव्या मालकाला तो कोणी दिलेला नाही.

आपल्या न्यायालयांनी हा प्रश्न जसा सोडवला तो मार्ग फिकहच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. मुंबईतील भाडेकरूंच्या वादातून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हर्षद गोवर्धन सोंडागर प्रकरणात (२०१४) न्यायालयाने म्हटले की गहाणाच्या आधीपासून कायदेशीर भाडेकरार असलेल्याला बँक सरफेसीच्या जोरावर मुदतीआधी काढू शकत नाही. विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया प्रकरणात (जानेवारी २०१६) त्यापुढे जाऊन सांगितले की भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूचा हक्क सरफेसीने पुसला जात नाही. त्याला काढायचे तर भाडे कायद्याच्याच मार्गाने. मग २०१९ मध्ये बजरंग श्यामसुंदर अग्रवाल प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दुसऱ्या बाजूची मर्यादाही आखली. भाडेकरू असल्याचा केवळ तोंडी दावा, ना नोंदणीकृत करार, ना पुरेशी कागदपत्रे, अशा माणसाला तेच संरक्षण मिळणार नाही. मागणी नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीविना दिलेले भाडे तर कलम १३(१३) च्या विरुद्धच जाते. हनफी फकीहांनीही गहाण ठेवणाऱ्याला धनकोच्या संमतीशिवाय ती वस्तू भाड्याने देण्यास मनाई केली आहे, हे येथे आठवते.

समजा, सूचनेतील इमारतीत तीन भाडेकरू आहेत. खालच्या गाळ्यातील शिंपी गहाणखताच्या कितीतरी आधीपासून बसलेला, त्याच्याकडे भाडेपावत्यांची चळत, वीजमीटर त्याच्या नावाचा. वरच्या खोलीत अकरा महिन्यांच्या परवाना करारावर आलेले जोडपे. मागच्या खोलीत कर्जदाराचा दूरचा नातलग, जो म्हणतो की मीही भाडेकरूच. तिसऱ्याच्या दाव्याची शहानिशा बँकेने आणि गरज पडल्यास कर्जवसुली न्यायाधिकरणाने करावी. खरेदीदाराने स्वतः न्यायाधीश होऊ नये. जोडप्याची मुदत कळली की प्रश्न सुटतो. शिंप्याचा प्रश्न मात्र सुटत नाही, आणि सुटणार नाही हे गृहीत धरूनच बोली लावायला हवी.

अनेकजण चुकतात ते येथे. ते रिकाम्या घराचा हिशेब करून बोली लावतात आणि विक्री प्रमाणपत्र हाती आले की शिंपी त्यांना अडथळा वाटू लागतो. मग पाणी बंद होते, जिन्यावर रेतीचे ढीग पडतात, रात्री दार वाजते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसार जीवनावश्यक सोयी तोडणे हा गुन्हा आहे. आणि कोणी कोणाला अपाय करू नये, अपायाचा बदलाही अपायाने घेऊ नये, ही हदीस तर फिकहच्या पाच मूलभूत सूत्रांपैकी एकाचा पाया आहे. ज्याला शिंप्यासहित घर परवडत नाही त्याला ते घर परवडत नाही. किंमत कमी आहे ती त्याच्यामुळेच. त्या स्वस्ताईचा लाभ घ्यायचा आणि तिचे कारण मात्र मारून हाकलायचे, हा व्यवहार कोणत्या तराजूत बसतो?

भाडे नियंत्रण कायदा राज्यातील प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही. त्याच्या अनुसूचीत नमूद क्षेत्रांनाच तो लागू आहे, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. लागू असेल तेथे मालकाला स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी जागा मागता येते, पण न्यायालय दोघांपैकी कोणाची अडचण मोठी हेही तोलते. या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. आपल्या समाजातील घरमालकांनी ही तरतूद पाठ करावी इतकी ती महत्त्वाची आहे. तोंडी विश्वासावर खोली देण्याची आपली सवय सूरह बकराच्या सर्वांत दीर्घ आयतीशी कधीच जुळणारी नव्हती.

भाडेकरू वाचकांसाठीही चार शब्द. कायद्याने संरक्षण दिले म्हणजे शरीअतने परक्याच्या जागेवर कायमचा हक्क दिला असे होत नाही. कराराची मुदत संपल्यावर मालकाच्या मर्जीविरुद्ध, जुन्या काळच्या नाममात्र भाड्यावर बसून राहणे अनेक मुफ्तींनी नाजायज ठरवले आहे. पागडी दिलेल्याची गोष्ट वेगळी. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८८ मध्ये या विषयावर ठराव केला. ठरलेल्या मुदतीत मालकाला दिलेली एकरकमी रक्कम भाड्याचाच भाग मानता येते, आणि मुदत शिल्लक असताना भाडेकरू मोबदला घेऊन आपला हक्क सोडू शकतो; मुदत संपल्यावर मात्र असा मोबदला मागता येत नाही. खरेदीदाराला यात एक सरळ मार्ग दिसेल. शिंप्याशी बसावे, चहा घ्यावा, आणि तो राजी असेल तर जागा सोडण्याचा मोबदला ठरवून लेखी करार करावा. तो राजी नसेल तर महिन्याच्या महिन्याला भाडे घ्यावे.

लिलावाच्या रीतीत स्वतः काही गैर नाही. एका गरजू अन्सारी माणसाची घोंगडी आणि पेला प्रेषितांनी (स.) स्वतः पुकारून विकला, एक दिरहमची बोली आल्यावर अधिक कोण देतो असे विचारले आणि दोन दिरहमला तो दिला, हे तिरमिजीत आहे. लिलावात दुसऱ्याच्या बोलीवर बोली लावणे म्हणूनच चालते. चालत नाही ते ‘नजश’, म्हणजे घेण्याचा हेतू नसताना भाव चढवणे. त्याच्या उलट प्रकार आपल्याकडे अधिक दिसतो. चार इच्छुक आधी भेटतात, तिघांनी माघार घ्यायची आणि एकाने राखीव किमतीवर घर उचलायचे, मग वाटणी. प्रत्येक कमी झालेला रुपया त्या कर्जदाराच्या देण्यातून कमी झालेला नसतो, त्याच्या हाती परत जाणाऱ्या रकमेतून वजा झालेला असतो. हे त्याचे धन खाणेच आहे.

पैशाचा प्रश्न थोडक्यात. नियमाप्रमाणे साधारणतः राखीव किमतीच्या दहा टक्के अनामत आधी भरावी लागते. बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी अनामतीसह पंचवीस टक्के, आणि उरलेले पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी संमतीने ही मुदत फार तर तीन महिन्यांपर्यंत वाढते. चुकल्यास भरलेली रक्कम जप्त होते, आणि असे जप्त करणे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये षण्मुगवेलू प्रकरणात वैध ठरवले. बयाणा जप्त करणे हनफी, मालिकी आणि शाफई मतानुसार योग्य नाही; इमाम अहमद (रह.) यांनी हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील, मक्केत कैदखान्यासाठी सफवान बिन उमय्या यांच्याकडून घेतलेल्या घराच्या व्यवहाराचा आधार घेऊन त्यास परवानगी दिली. या चर्चेने गेलेला पैसा परत येत नाही. व्यवहारात असे होते की पंधरा दिवसांच्या घाईत माणूस व्याजाच्या कर्जाकडे धावतो, म्हणजे एकाचे घर ज्या व्याजाने बुडाले त्याच व्याजात दुसरा शिरतो. पूर्ण रक्कम हाताशी असल्याशिवाय, किंवा भागीदारीत विश्वासाने उभी केल्याशिवाय, अनामत भरू नये.

बोलीपूर्वी जागा डोळ्यांनी पाहावी. बँक ‘जसे आहे तसे, जिथे आहे तिथे’ या अटीवर विकते, आणि दोषांची जबाबदारी नाकारून विकण्यास हनफी फिकहमध्ये मुभा आहे. म्हणून पाहणे घेणाऱ्यावरच येते. दुय्यम निबंधक कार्यालयातील शोध, घरपट्टी, सोसायटीची थकबाकी, आधीच्या मालकाचे वीजबिल. बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे की केवळ प्रतीकात्मक, हे सूचनेत लिहिलेले असते. प्रतीकात्मक असेल तर दाराची किल्ली मिळायला बराच काळ जाऊ शकतो. हरसूलसारख्या आदिवासी पट्ट्यात जागा घेताना आणखी एक दक्षता. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीविना हस्तांतरित होऊ शकत नाही, आणि शेतजमीन सरफेसी कायद्याच्या कक्षेतच येत नाही. कोणी अशी जमीन लिलावात स्वस्त मिळते म्हणून सांगत आला तर दोन्ही मुद्दे त्याच्यापुढे ठेवावेत.

भाडेकरूंना बोलीपूर्वीच भेटावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : कधीपासून राहता, भाडे किती, आणि डिपॉझिट किती दिले. शेवटचा प्रश्न बहुतेकजण विसरतात. डिपॉझिट हे जुन्या मालकावरील देणे आहे, आणि तो तर स्वतःच बुडालेला असतो. दोन वर्षांनी खोली सोडताना ते जोडपे पैसे मागायला नव्या मालकाच्याच दारात येईल. ती रक्कम कोण देणार, हे बँकेला लेखी विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास ती आपल्या बोलीतून आधीच वजा धरावी, म्हणजे पुढे त्या दोघांना रिकाम्या हाताने पाठवण्याची वेळ येणार नाही.

विक्री प्रमाणपत्र मिळाल्यावर पहिले पत्र भाडेकरूंना जावे : मालकी बदलली, अमुक तारखेपासून भाडे या नावावर द्यावे, पूर्वीच्या अटी तशाच चालू आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार बदलाची माहिती मिळण्यापूर्वी भाडेकरूने जुन्या मालकाला दिलेले भाडे पुन्हा मागता येत नाही, म्हणून हे पत्र वेळेवर जाणे खरेदीदाराच्याच हिताचे.

आणि क्वचित असेही घडते की लिलावानंतर तो कर्जदार कोठून तरी रक्कम उभी करून दारात येतो. कायदा तेव्हा खरेदीदाराच्या बाजूने असतो. फिकहमध्ये अशा वेळी उभयपक्षी व्यवहार मागे घेण्याला ‘इकाला’ म्हणतात, आणि पस्तावलेल्याचा व्यवहार मागे घेणाऱ्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशा आशयाची हदीस अबू दाऊद आणि इब्न माजा यांनी नोंदवली आहे. आपला खर्च वळता करून मूळ किमतीत ते घर परत द्यायचे की नाही, हे पूर्णपणे खरेदीदाराच्या मर्जीवर आहे. त्याच्यावर सक्ती कोणाचीही नाही.